वितळलेल्या धातूचा कस : घन विद्युत् विच्छेद्याचा घट आणि बंगळूरची प्रयोगशाळा

१

सोनार सोन्याचा कस पाहतो, तेव्हा तो वस्तुतः दोन रेघांची तुलना करीत असतो. कसोटीच्या काळ्या दगडावर परीक्षेसाठी आलेल्या सोन्याची एक रेघ उमटवली जाते आणि तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी. दगड हा केवळ मध्यस्थ होय. निर्णय होतो तो ज्ञात आणि अज्ञात यांच्यातील अंतरावरून. ज्ञात मानलेली रेघच खोटी असेल, तर सोनाराची नजर कितीही तयार असली तरी निर्णय खोटाच ठरणार.

वितळलेल्या धातूत विरघळलेल्या अत्यल्प द्रव्यांचे मापन करणारे विद्युत् रासायनिक संवेदक नेमक्या याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की, येथे दगडाच्या जागी एक विशिष्ट मृत्तिका असते, रेघांच्या जागी दोन विद्युत् अग्रे असतात आणि नजरेचे काम व्होल्टमापक करतो. अशा संवेदकांचा परिचय बहुधा पोलाद कारखान्यातील एक उपयुक्त साधन एवढ्यापुरताच करून दिला जातो. परंतु त्यांच्या कथेचा अर्धा भाग कारखान्यात घडत नाही. ज्ञात रेघ ज्ञात कशी झाली, हा प्रश्न विचारताच वाट प्रयोगशाळेकडे वळते. आणि भारतापुरते बोलायचे तर ती ठळकपणे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या धातुविज्ञान विभागाकडे जाते.

२

प्रथम गरज कोणती, ते पाहणे इष्ट ठरेल. पोलाद तयार करताना कच्च्या लोखंडातील कार्बन जाळून टाकण्यासाठी त्यात ऑक्सिजन फुंकला जातो. काम आटोपते तेव्हा काही ऑक्सिजन द्रवरूप लोखंडात विरघळून राहिलेला असतो. सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला द्रव लोखंड वजनाच्या साधारण ०.२ टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन सामावून घेऊ शकते. घनरूप लोखंडात मात्र त्याला जवळजवळ जागाच नसते. म्हणून साच्यात धातू गोठू लागला की बाहेर ढकलला जाणारा ऑक्सिजन उरलेल्या कार्बनशी संयोग पावतो, कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे निर्माण होतात आणि पोलादात वायुछिद्रे राहतात.

यावर उपाय म्हणून ओतण्यापूर्वी धातूत ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन टाकून ऑक्सिजनला ऑक्साइडच्या रूपाने बांधून टाकतात. अशा पोलादाला शमविलेले पोलाद म्हणतात. परंतु ॲल्युमिनियम किती टाकावयाचे? कमी पडले तर वायुछिद्रे राहतात. जास्त झाले तर महाग धातू वाया जातो. शिवाय तयार झालेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण पोलादात अडकून राहतात आणि ओतण्याच्या तोटीत साचून ती चोंदवितात. तेव्हा ॲल्युमिनियम टाकण्यापूर्वी धातूत ऑक्सिजन किती आहे, हे कळले पाहिजे. आणि तेही धातू लॅडलमध्ये तप्त असतानाच.

जुनी रीत अशी की, पळीने नमुना काढावा, तो गोठवावा आणि विश्लेषणासाठी प्रयोगशाळेत धाडावा. निकाल येईपर्यंत लॅडलमधील धातूची अवस्था पालटलेली असते. मात्र उशीर हा या रीतीचा एकमेव दोष नव्हे, आणि सर्वांत मोठाही नव्हे. गोठलेल्या नमुन्याचे विश्लेषण एकूण ऑक्सिजन सांगते: विरघळलेला आणि आधीच ऑक्साइडच्या कणांत बांधला गेलेला असा दोन्ही मिळून. पोलाद बनविणाऱ्याला हवा असतो तो केवळ पहिला. बांधला गेलेला ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावण्यास मोकळा नसतो. विरघळलेला मोकळा असतो. ‘किती आहे’ आणि ‘किती मोकळे आहे’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर संहती या संज्ञेने दिले जाते, दुसऱ्याचे क्रियाशीलता या संज्ञेने. मराठीत या दोन संज्ञा पुष्कळदा एकीच्या जागी दुसरी अशा सैलपणे वापरल्या जातात; परंतु विद्युत् रासायनिक संवेदकाचे सारे महत्त्व त्यांच्यातील भेदावर उभे आहे. संवेदक क्रियाशीलता मोजतो. तराजू जे सांगू शकत नाही, ते तो सांगतो.

३

या संवेदकाच्या इतिहासात एक चमत्कारिक विलंब आढळतो. विद्युत् घटाचा दाब आणि त्याच्या दोन बाजूंच्या द्रव्यांची क्रियाशीलता यांचा संबंध जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली सूत्रबद्ध केला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच त्यांनी एक नवा दिवा तयार केला. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये सुमारे १५ टक्के यिट्रियम ऑक्साइड मिसळून घडविलेली त्या दिव्याची कांडी थंड असताना वीज वाहत नसे. तापविली की वाहू लागे आणि झगझगीत प्रकाश देई. सूत्र आणि पदार्थ, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होते. परंतु ती एकत्र येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

ही कांडी वीज कशी वाहते, याचा उलगडा कार्ल वॅग्नर यांनी १९४३ साली केला. झिर्कोनियमच्या आयनावर चार धन विद्युत् भार असतात. कॅल्शियमवर दोन आणि यिट्रियमवर तीन. झिर्कोनियमची जागा कमी भाराच्या आयनाने घेतली की भारांचा ताळेबंद जुळविण्यासाठी स्फटिकात ऑक्सिजन आयनांच्या काही जागा रिकाम्या राहतात. उच्च तापमानाला शेजारचा ऑक्सिजन आयन अशा रिकाम्या जागी उडी घेतो, त्याच्या सुटलेल्या जागी आणखी एखादा येतो आणि अशा रीतीने घन पदार्थातून ऑक्सिजन प्रवास करतो. इलेक्ट्रॉनांना मात्र ही वाट जवळजवळ बंद असते. अशा पदार्थाला घन विद्युत् विच्छेद्य म्हणतात.

१९५७ साली किउकोला आणि वॅग्नर यांनी अशा मृत्तिकेच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या धातू-ऑक्साइड जोड्या ठेवून घट तयार केले. समजा, एका बाजूला ऑक्सिजनचा दाब अधिक आहे आणि दुसऱ्या बाजूला कमी. ऑक्सिजन अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाऊ पाहतो; परंतु मृत्तिकेतून तो विद्युत् भारित आयनाच्या रूपानेच जाऊ शकत असल्याने दोन बाजूंमध्ये विद्युत् दाब निर्माण होतो. हा विद्युत् दाब तापमानाच्या आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजन-दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमच्या प्रमाणात असतो. हेच नेर्न्स्ट यांचे सूत्र होय. या तत्त्वाचा आज सर्वांत परिचित वापर मोटारीच्या धूरनळीत आढळतो. तेथे एक बाजू धुराकडे असते आणि दुसरी बाहेरच्या हवेकडे; असा संवेदक १९७६ साली प्रथम विक्रीच्या मोटारींत बसविण्यात आला.

४

पोलादासाठी वापरावयाच्या संवेदकात याच घटाला एखाद्या बोटाएवढे रूप दिलेले असते. एका टोकाशी बंद असलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडच्या लहान नळीत क्रोमियम आणि क्रोमियम ऑक्साइड यांची भुकटी ठासून भरतात. ही ज्ञात रेघ. नळीबाहेरचे द्रव पोलाद ही अज्ञात रेघ. शेजारीच तापमान मोजणारे तापयुग्म असते, कारण सूत्रात तापमान आहे आणि ते कळल्यावाचून दाबाला अर्थ नाही. सारी जुळणी जाड पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला बसवून पोलादी दांड्याने धातूत बुडवितात. दहा-पंधरा सेकंदांत आकडा मिळतो. त्यानंतर संवेदक टाकून द्यावा लागतो.

क्रोमियम आणि त्याचे ऑक्साइड एकत्र असले की दिलेल्या तापमानाला त्यांच्याभोवतीचा ऑक्सिजन-दाब ठरून जातो. १६०० अंशांना तो एका वातावरणदाबाच्या सुमारे एक लक्ष कोटीव्या भागाएवढा अल्प असतो. पोलादात विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण दशलक्ष भागांत साधारण पंचवीस ते तीस भाग असेल, तर दोन्ही बाजू समतोल होऊन घटाचा दाब शून्यावर येतो. तेथून ऑक्सिजन दहापट वाढला वा दहापट घटला, तर दाबात सुमारे १८६ मिलिव्होल्टांचा फरक पडतो. एवढा फरक साधा व्होल्टमापक सहज टिपू शकतो. ज्या प्रमाणाची कल्पना करणेही कठीण, ते एका साध्या उपकरणाच्या आवाक्यात येते, याचे श्रेय लॉगरिथमला आहे.

मृत्तिकेची निवडही विचारपूर्वक करावी लागते. शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड तापताना सुमारे ११७० अंशांना आपली स्फटिकरचना बदलते, त्याचे आकारमान पालटते आणि त्याला तडे जातात. मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून त्याला केवळ अंशतः स्थिर केले, तर सामान्य तापमानावरून एकदम १६०० अंशांत बुडविल्याचा धक्का ते सोसू शकते. पूर्णतः स्थिर केलेली मृत्तिका अधिक चांगली वाहक असूनही या धक्क्याने फुटते. चांगला वाहक असणे पुरेसे नाही. टिकाव धरणेही आवश्यक ठरते.

५

येथवर कारखान्याची बाजू झाली. परंतु क्रोमियम ऑक्साइडच्या नळीतील ऑक्सिजन-दाब अमुक आहे, हे कोणी ठरविले? तो दाब मोजून मिळत नाही. क्रोमियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगात मुक्त ऊर्जेत किती घट होते, त्यावरून तो गणिताने काढला जातो. आणि ती मुक्त ऊर्जा ऊष्मागतिकीच्या कोष्टकांतून घेतली जाते. या कोष्टकांतील अनेक आकडे पुन्हा अशाच घटाने मोजलेले असतात.

एकच घट दोन प्रश्नांची उत्तरे देतो. मुक्त ऊर्जा ठाऊक असेल तर घटाचा दाब मोजून धातूतील ऑक्सिजन काढता येतो. उलट, दोन बाजूंपैकी एक पक्की ठाऊक असेल तर घटाचा दाब मोजून दुसऱ्या बाजूच्या संयुगाची मुक्त ऊर्जा काढता येते. पहिले काम कारखान्याचे, दुसरे प्रयोगशाळेचे. आणि पहिल्याची सत्यता सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून. किउकोला आणि वॅग्नर यांचे १९५७ सालचे कार्य मुळात दुसऱ्या प्रकारचे होते.

जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुविज्ञानाचा स्वतंत्र विभाग १९४५ साली सुरू झाला. १९५१ मध्ये ब्रह्म प्रकाश हे त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पुढे ते अणुऊर्जा आणि अवकाश या दोन्ही कार्यक्रमांचे एक आधारस्तंभ ठरले. याच विभागात के. टी. जेकब यांनी दीर्घकाळ अध्यापन आणि संशोधन केले. भारतात परतण्यापूर्वीच वितळलेल्या धातूतील ऑक्सिजन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. द्रव तांबे, शिसे आणि त्यांचे मिश्रधातू यांत विरघळलेल्या ऑक्सिजनाच्या ऊष्मागतिकीवर जेफ्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे सी. बी. ॲल्कॉक यांच्यासह त्यांनी एका महत्त्वाच्या प्रश्नाला हात घातला: दोन धातू एकत्र वितळविले असता त्यांत ऑक्सिजन कसा वागेल, हे प्रत्येक धातूतील त्याच्या वर्तनावरून सांगता येईल काय? मिश्रधातूतील ऑक्सिजनचा अणू आपल्या शेजाऱ्यांची निवड करतो; ज्या धातूशी त्याचे बंध बळकट, त्याचे अणू तो भोवती गोळा करतो. म्हणून दोन धातूंतील वर्तनाची नुसती सरासरी काढून चालत नाही. या निवडीचा हिशोब धरणारी समीकरणे या दोघांनी मांडली. संवेदकाच्या आकड्याला अर्थ देणारे शास्त्र ते हेच.

बंगळूर येथे जेकब आणि त्यांचे सहकारी यांनी घन विद्युत् विच्छेद्यांचे घट वापरून ऑक्साइडे, मिश्रधातू आणि संयुक्त ऑक्साइडे यांच्या मुक्त ऊर्जांचे मापन मोठ्या प्रमाणावर केले. रूथेनियम आणि ऑस्मियम यांच्या ऑक्साइडांच्या आकड्यांचे त्यांनी सहकाऱ्यांसह केलेले परिशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. जेथे मोजावयाच्या बाजूचा ऑक्सिजन-दाब फार अधिक असतो, तेथे मृत्तिकेतून ऑक्सिजन हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतो आणि ज्ञात अग्रालाच बिघडवितो. यावर त्यांनी दोन अग्रांच्या मध्ये एक तिसरे, बलिदानाचे अग्र ठेवण्याची युक्ती वापरली. झिरपणारा ऑक्सिजन हे मधले अग्र स्वतः सोसते आणि मापन करणारे अग्र अबाधित राहते. सल्फरच्या ऑक्साइडांसारख्या वायूंच्या संवेदकांवरही जेकब यांनी काम केले.

असे मापन किती संथ असते, याची कल्पना बाहेरच्या वाचकाला सहसा नसते. घट तापवून दाब स्थिर होण्याची वाट पाहावी लागते. कमी तापमानाला यास कित्येक तास, क्वचित दिवसही लागतात. मग घटातून क्षणभर अल्प प्रवाह सोडून समतोल मुद्दाम मोडावयाचा आणि दाब पूर्वपदावर येतो की नाही ते पाहावयाचे. प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा तेच. तापमान वाढवीत नेताना मिळालेले आकडे ते उतरवीत आणताना मिळालेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. एवढ्या परीक्षांतून उतरल्यावर कोष्टकात एका ओळीची भर पडते.

त्या ओळीची किंमत मात्र मोजता येते. प्रमाण म्हणून घेतलेल्या ऑक्साइडच्या मुक्त ऊर्जेत ऑक्सिजनच्या एका मोलमागे एक किलोज्यूलची चूक असेल, तर १६०० अंशांना पोलादातील ऑक्सिजनाच्या आकड्यात सुमारे तीन टक्क्यांची चूक येते. चार किलोज्यूलची असेल, तर तेरा ते चौदा टक्क्यांची. ही चूक व्होल्टमापक कितीही सूक्ष्म घेतला तरी दूर होत नाही, आणि मापन शंभर वेळा केले तरी प्रत्येक वेळी तीच येते. लॅडलपाशी उभ्या असलेल्या कामगाराला ती दिसणे शक्य नाही. तो ज्या आकड्यावर विसंबून ॲल्युमिनियम टाकतो, त्याचा खरेपणा दूरवरच्या एखाद्या प्रयोगशाळेत कोणीतरी पाळलेल्या संयमावर ठरत असतो.

६

या तत्त्वाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ऑक्सिजन अत्यंत कमी झाला आणि तापमान फार चढले की झिर्कोनियम ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉनही वाहू लागतात. घट आतल्या आत गळू लागतो आणि दाब वास्तवापेक्षा कमी दिसतो. उत्तम प्रकारे शमविलेल्या पोलादात यासाठी दुरुस्ती करावी लागते. शिवाय एका मृत्तिकेतून एकच आयन वाहत असल्याने प्रत्येक मूलद्रव्यासाठी निराळा मार्ग शोधणे भाग पडते. वितळलेल्या ॲल्युमिनियममधील सोडियमसाठी सोडियम आयन वाहणारे बीटा ॲल्युमिना उपयोगी पडते. ॲल्युमिनियम गोठताना त्याची हायड्रोजन सामावण्याची शक्ती सुमारे वीसपटीने घटते आणि ओतकामात सूक्ष्म छिद्रे पडतात. तेथे इंडियम मिसळलेले कॅल्शियम झिर्कोनेट हे प्रोटॉनवाहक वापरतात. हे जपानमधील संशोधनाचे फलित होय. कच्च्या लोखंडातील सिलिकॉनसाठी मृत्तिकेच्या पृष्ठावर सिलिकेटचा साहाय्यक थर देऊन सिलिकॉनचा प्रश्न ऑक्सिजनच्या भाषेत विचारला जातो.

७

पोलादाच्या लॅडलमध्ये चूक झाली तर एक ओत वाया जातो. परंतु जेथे याहून पुष्कळ अधिक पणाला लागलेले असते, असेही एक क्षेत्र आहे, आणि तेथे वितळलेला धातू पोलाद नसून सोडियम आहे. बंगळूरच्या पूर्वेस, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कल्पाक्कम येथे द्रुत प्रजनक परीक्षण अणुभट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. अशा भट्टीतील उष्णता द्रव सोडियम वाहून नेतो. सोडियम अवघ्या ९८ अंशांना वितळतो आणि उष्णतेचा उत्तम वाहक आहे. परंतु तो अपारदर्शक असतो आणि पाण्याशी त्याची अत्यंत तीव्र अभिक्रिया होते. वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेत सोडियम आणि पाणी यांच्यामध्ये केवळ पोलादी नळीची भिंत असते. त्या भिंतीला सूक्ष्म छिद्र पडले, तर आत शिरलेली वाफ दाहक कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन निर्माण करते. तो झोत शेजारच्या नळ्यांनाही खाऊ लागतो.

हे छिद्र डोळ्यांना दिसणे अशक्य. त्याची पहिली वर्दी सोडियममधील हायड्रोजनच्या किंचित वाढीने मिळते आणि ही वाढ अब्जांश भागांत मोजावी लागते. इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी यासाठी कॅल्शियम ब्रोमाइड आणि कॅल्शियम हायड्राइड यांपासून बनणारे, हायड्राइड आयन वाहणारे विद्युत् विच्छेद्य वापरून संवेदक विकसित केला. सोडियममधील ऑक्सिजन पोलादाचे गंजणे वाढवितो. तो मोजण्यासाठी झिर्कोनियम ऑक्साइड चालत नाही, कारण सोडियम त्यालाच क्षपित करू पाहतो. म्हणून तेथे यिट्रियम मिसळलेले थोरियम ऑक्साइड वापरतात. कार्बनसाठी लोखंडाच्या पातळ पडद्याआड सोडियम आणि लिथियम कार्बोनेटांचे वितळलेले मिश्रण ठेवतात. पदार्थ बदलले, तापमान बदलले; परंतु ज्ञात आणि अज्ञात यांमधील वाहक मृत्तिका वा क्षार आणि त्यांच्यामागे उभे असलेले कोष्टक, ही रचना तीच राहिली. पोलादाचा संवेदक काही सेकंद जगतो. येथे मात्र त्याने महिनोन्‌महिने जागता पहारा द्यावा, अशी अपेक्षा असते.

८

उपकरण डोळ्यांसमोर असते, म्हणून त्याचे कौतुक होते. त्यामागील कोष्टक पुस्तकात मिटून पडलेले असते, म्हणून ते गृहीत धरले जाते. नवे संवेदक घडविण्यास प्रोत्साहन मिळणे स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या ऑक्साइडचा जुना आकडा पुन्हा तपासून त्यात दोन किलोज्यूलची दुरुस्ती करणाऱ्या कामाकडे जर कोणी वळलेच नाही, तर नव्या संवेदकांची संख्या वाढेल, त्यांचा खरेपणा वाढणार नाही. पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला बसविलेला घट पोलादात बुडतो, दहा-पंधरा सेकंदांत आपले सांगणे सांगतो आणि जळून जातो. त्याने सांगितलेले खरे ठरावे यासाठी आवश्यक असलेली ज्ञात रेघ तेवढी मागे उरते, आणि ती एकदाच ओढून भागत नाही.